पाठराखीण

कुताइसीच्या उतारावर, घड्याळजीच्या दुकानाला लागून
सहा पायऱ्या खाली
माझ्या वडिलांची भट्टी.
विहिरीसारखी खोल, मातीची,
तळाशी द्राक्षवेलींचे निखारे.
होडीच्या आकाराची कणीक हातावर तोलत
नुगझार कमरेपासून आत झुकतात,
एक पाय हवेत.
थाप.
आणि वर येतात, श्वास सोडत.
लहानपणी मी मोजत बसायचे,
आत किती वेळा गेले, बाहेर किती वेळा आले.

त्यांच्या उजव्या हाताला केस नाहीत.

मी तिबिलिसीत कातडीच्या पेशी वाढवते,
गुलाबी पाण्यात, चपट्या बशीत, सदतीस अंशांवर.
बेचाळीसवर नेलं की त्यांची तारांबळ उडते.
प्रथिन म्हणजे तरी काय, घडी घातलेला धागा;
घडी आहे तोवर कामाचा.
उष्णतेनं घडी विस्कटते,
आतलं चिकट अंग उघडं पडतं,
एकाला दुसरा बिलगतो आणि गुठळी होते,
उकडलेल्या अंड्यासारखी, परत न फिरणारी.
अशा वेळी पेशी हातातली बहुतेक कामं टाकून
घाईघाईनं घडवू लागते
पाठराखीण.
ती विस्कटलेल्याला धरते. नुसती धरते आधी.
मग सोडते, पुन्हा धरते,
घडी बसेपर्यंत.
बसली की निघते. त्या घडीत
तिचा एक धागाही राहत नाही.

वडिलांना सांगितलं तर म्हणाले,
"मग माझ्या हाताची कातडी घे की.
उजव्या. तो शिकलेला आहे."
वाटाण्याएवढी घेतली. डावीकडचीही, ताडून बघायला.

फेब्रुवारीत आई गेली.
लामारा. गल्ला सांभाळायची,
पिठाच्या रिकाम्या गोण्यांना घड्या घालायची,
कडेला कड, जशी काही लग्नातली चादर.
चाळीस दिवस भट्टी थंड.
चाळिसाव्याला टेबल मांडलं, गहू उकडला, वाइन सांडली तिच्या नावानं.
एक्केचाळिसाव्याला त्यांनी निखारे पेटवले,
पहिलीच भाकर घेऊन वाकले
आणि ओरडले.

मनगटापासून कोपरापर्यंत फोड.
ते हाताकडे बघत राहिले,
तोंडपाठ धडा विसरलेल्या पोराकडे बघावं तसे.

मला कारण ठाऊक होतं. निदान असं वाटलं.
उष्णतेची आठवण पेशीत टिकते थोडेच दिवस;
आज थोडं भाजलं तर उद्याचं थोडं जास्त सोसतं,
परवाचंही. पुढच्या महिन्यातलं नाही.
आणि वरची कातडी तर तोवर झडून सगळी नवी आलेली.
जो हात त्या सकाळी आत गेला
त्यानं भट्टी कधी पाहिलीच नव्हती.

माझ्या बशीतही तेच.
डावा, उजवा, दोन्ही सारखेच दचकले,
दोघांनी सारख्याच पाठराखिणी बोलावल्या.
शिकलेल्या हातानं काही जपून ठेवलं नव्हतं.
वहीत लिहिलं: फरक नाही.
आणि बराच वेळ पेनाचं टोपण शोधत बसले.

दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून ते परत उभे.
डाव्या हातानं. वीसच भाकरी, त्यातल्या सहा निखाऱ्यात पडल्या.
शेजारचा वालिको दुकान अर्धं ओढून खाली आला,
गोण्यांवर बसला. बोलला नाही.
पडलेल्यांतली एक उचलून राख झटकत खाल्ली.
तिसऱ्या दिवशी तीस. तो होताच.
इस्टरच्या आठवड्यात मी गेले तेव्हा
उजवा हात पुन्हा आत जात होता
आणि वर घड्याळजीचं दार पूर्ण उघडं होतं.

सगळ्याच घड्या बसत नाहीत.
ज्या बसत नाहीत त्या पेशी कापून टाकते, नव्यानं वापरते;
आणि फारच झालं तर स्वतःच मिटते.
हे मी वडिलांना सांगितलेलं नाही.

कोपऱ्यात गोण्यांचा ढीग, चुरगळलेला.
सगळ्यात खाली एक, कडेला कड.
पीठ कमी पडलं तरी
ती ते काढत नाहीत.